भिडेपोटी उघडं राहिलेलं दार

मंडळी, सावरून बसा. खांबाला टेकलेले जरा पुढे या, म्हणजे झोप लागली तर मला दिसेल तरी!

आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. प्रेमाचं माणूस समोर आहे, आणि त्याच्यादेखत आपण दाराला कडी लावली. झाला का त्याचा अपमान? माना हलताहेत! बरं, ऐका मग.

बार्शीत कल्याणीताई आवटे म्हणून एक बाई. सासरी छळ झालेल्या मुली त्यांच्याकडे येत. ताई ऐकून घेत, आसरा मिळवून देत. मुलीची परवानगी असेल तर तिचं बोलणं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवत, पुढं वकिलाला उपयोगी पडावं म्हणून. आणि त्याच कॉम्प्युटरवर सासूबाईंची भजनं! ती त्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर लागावीत म्हणून ताईंनी गाण्यांचा फोल्डर घरात खुला ठेवलेला. गडबडीत ही रेकॉर्डिंगंही त्यातच पडलेली.

आता कॉम्प्युटरला फायरवॉल असते. आगीची भिंत म्हणून बादल्या शोधू नका हो! तो पहारेकरी आहे. बाहेरून कोणी आलं की विचारतो, "कोण तू? काम काय?" पण ज्या नेटवर्कला आपण 'हे घरचं' म्हणून सांगितलं, तिथं तो जरा सैल पडतो.

ताईंची इंटरनेटची केबल सारखी तुटायची. वरच्या मजल्यावर दिगंबरकाका नाईकवाडी, मोठे मायेचे गृहस्थ. "अगं, आमचं वायफाय घे की! परकी आहेस का?" स्वतः खाली आले, पासवर्ड घालून दिला. झालं, एका कॉम्प्युटरला दोन वाटा! पडद्यावर प्रश्न आला: हे नेटवर्क घरचं, की सार्वजनिक? काका शेजारी उभे. चष्मा लावून वाचताहेत! सांगा मंडळी, त्यांच्या डोळ्यांदेखत 'सार्वजनिक' दाबाल तुम्ही? भीड! ताईंनी दाबलं, 'घरचं'.

काकांच्या घरी एके दुपारी मंदाकाकूंची मावसबहीण आली, शेवंताबाई. काकूंच्या हातात रिमोट. "अगंबाई, कल्याणीची भजनं दिसताहेत आमच्या टीव्हीवर! लावते थांब."

लावलं. टाळ नाही, मृदंग नाही. एका पोरीचं रडणं! "उंबऱ्यावर डोकं आपटलं हो त्यांनी माझं..."

शेवंताबाई ताडकन उठल्या. "हा आवाज... ही आमच्या शेजारची सून! अगं, सगळं गाव शोधतंय हिला!"

त्या मुलीचं नाव? नाही सांगणार! ते सांगून बसलो, तर हे आख्यान करायचा मला अधिकार काय?

काकूंनी टीव्ही बंद केला, धावत खाली आल्या. ऐकलं तशा ताई उठल्या. त्यांनी आधी वायफाय तोडलं, मग वर जाऊन शेवंताबाईंपुढे हात जोडले. "मावशी, नवरा तिच्या मागावर आहे. तुमच्या तोंडून एक शब्द गेला तर..."

शेवंताबाई खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या आमच्या घरात एकच भिंत आहे गं. हे रडणं मी आज पहिल्यांदा नाही ऐकलं. तेव्हा मी टीव्हीचा आवाज मोठा करायचे." पदर तोंडाला लावला. "नाही सांगणार. पोरीला म्हणावं, सुखी राहा."

सुटलो, म्हणाल तुम्ही! ताई तसं नाही म्हणाल्या. त्या मुलीकडे गेल्या. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण सांगितलं. "तुझा आवाज माझ्या चुकीनं बाहेर गेला. तुला दुसऱ्या गावी हलवते."

मुलगी रागावली. का नाही रागावणार? "ताई, तुमच्याकडं तरी दार बंद असेल, वाटलं होतं."

लागलं ताईंना! मुलीला सुखरूप पोचवलं आणि मगच त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या. केबल घरची, तिच्यावर फक्त सासूबाईंची भजनं खुली. काकांचं वायफाय सार्वजनिक, तिकडून आतलं काही दिसायचं नाही. फायरवॉल दोन्हीकडं चालू. रेकॉर्डिंगं वेगळी, कुलपात.

काका-काकू खाली आले, काकांनी ते पाहिलं. चेहरा उतरला हो त्यांचा! "सार्वजनिक? म्हणजे आम्ही परके झालो का गं?"

उत्तर दिलं काकूंनी. "अहो, हिचा आहे आपल्यावर भरवसा. पण ती पोर आपल्या भरवशावर नव्हती आली. हिच्या आली होती."

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "असू दे बाई, सार्वजनिक तर सार्वजनिक. पण केबल तुटली की वायफाय आमचंच घ्यायचं!"

पुढं ती मुलगी ताईंपुढं पुन्हा बोलायला बसली. आधी विचारलं, "दोन्हीकडून बंद आहे ना?" ताई म्हणाल्या, "तू स्वतः बघ." तिनं बघितलं. मग बोलली.

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. खिशातल्या फोनमध्ये काय काय आहे? बहिणीचे दवाखान्यातले रिपोर्ट, मैत्रिणीनं रडत पाठवलेला निरोप. तुमचं आहे ते? नाही हो, तुमच्याकडे सांभाळायला दिलंय! आपल्या वस्तूंवर हवं तेवढं उदार व्हा. दुसऱ्याच्या विश्वासावर उदार व्हायला तुम्हाला कुणी सांगितलं? भीड वाटेल. वाटू दे! शेजाऱ्याच्या तोंडावर कडी लावा, आणि त्यालाच मायेनं चहाला बसवा. त्या चहाला देव स्वतः येऊन बसेल! घ्या त्याचं नाव — विठ्ठल, विठ्ठल!