जिवलीच्या घरी पोहोचलेला नारळ

अध्यक्षस्थानी बसलेल्या आमच्या सरपंच देवकीताई, मुरबाडहून एसटीने उभ्याने आलेल्या प्रमुख पाहुण्या हर्षालीताई, भजनी मंडळाच्या मैत्रिणींनो आणि मागे भिंतीला टेकलेल्या बंधूंनो, मंडळाची खजिनदार या नात्याने मी तुम्हा सर्वांना नमस्कार करते.

जिवली आणि तिच्या सासूबाई हौसाबाई उद्या गाव सोडतायत. निरोपाला काय काय आलं ते आधी सांगते. देवकीताईंची शेगडी, जुनी पण चालू. रंगूकडून तांदूळ. दोन सुती साड्या. हार घेतले नाहीत, ते पैसे साड्यांत घातले. आणि टेबलावर हे मुसळ आहे. त्याला हळदकुंकू का लावलंय, तेच सांगायला उभी आहे.

आमच्यात दर एकादशीला भजन आटोपलं की अक्षदा मोबाइलवर एक फोटो दाखवते. प्रत्येकीने त्याला शोभेल अशी गमतीची ओळ माझ्या कानात सांगायची. मी सगळ्या ओळी मोठ्याने म्हणते, नाव कुणाचंच घेत नाही. जिच्या ओळीला जास्त हसू, तिच्या घरी देवापुढचा नारळ गुपचूप जातो. देवापुढे एवढं हसलं तर देव रागावतो का हो?

यंदा एका एकादशीला फोटो होता म्हसा गावच्या जत्रेतला, बैलबाजारातला. जिवलीचा नवरा काळूराम बैलाचं तोंड उघडून दात बघतोय, आणि बघता बघता त्याचंही तोंड तेवढंच उघडलंय! ओळ जिंकली ती अशी: "खातात दोघं, नांगराला एकच." भागीला हसून ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

ओळ गावभर झाली. मुरबाडच्या स्टँडवर लोक काळूरामला विचारायला लागले, "काय रे काळू, नांगराला कोन? तू का बैल?" तो तणतणत घरी आला, तर देव्हाऱ्यात नारळ.

"ह्यो कुटून आला गो?"

जिवली चुलीत लाकूड सारत राहिली.

"म्हंजे तूच बोललीस. बोल ना आता!"

त्याने तोच नारळ उचलून तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडलेलं शेजारी रंगूला ऐकू आलं. मग केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, बैलाच्या दाव्याने पाठ फोडली. एक नाव घेतलं असतं तर सुटली असती. घेतलं नाही. कारण ओळ तिची नव्हतीच. ओळ होती हौसाबाईंची. काळूरामच्या सख्ख्या आईची.

हौसाबाई रानातून आल्या, मोळी दारातच टाकली. "मेल्या, सोड तिला! ती वळ मी सांगितली."

"आये, तू तिला वाचवायला बोलतेस. बाजूला हो."

"मंग दुसरी आयक. बैल बरा, तो बायकोला मारत नाय."

त्याने आईवर कोयता चालवला. कपाळावरची खूण तुम्हाला तिथून दिसत असेल. हौसाबाईंनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं, आणि ज्या खांद्याला त्या त्याच्या लहानपणी तेल चोळत, त्याच खांद्यावर घातलं. खांदा निखळला, कोयता पडला. आम्ही बायका पोहोचलो तेव्हा तो जमिनीवर "आये, आये" करत होता. मग आम्हीही हात चालवले, ते देवाला माहीत आहे आणि पोलिसांनाही. मुसळाला साधी चीर नाही. जुनं खैराचं लाकूड.

आता तो जामिनावर सुटलाय. "दोघींना जित्या सोडनार नाय," असं स्टँडवर सांगत फिरतो. जिवलीचा हात वाकडा जुळलाय, तरी तिला वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालंय. लोक हौसाबाईंना विचारतात, पोटचा लेक सोडून सुनेबरोबर जाता? त्या म्हणतात, "नांगराला जी मान घालते, तिच्यासंगं जाते."

आणि आत्ता दाराशी कोण येऊन उभं राहिलंय, ते मला इथून दिसतंय. या, काळूराम. चपला बाहेर काढा. हातात काही असेल तर तेही बाहेर ठेवा. मुसळ टेबलावर आहे, आणि ते उचलायला आम्ही सगळ्या आहोत.

असो, ते दारातच थांबलेत. सभागृह फुकट दिल्याबद्दल ग्रामपंचायतीचे आभार. जिवली, पोहोचलीस की त्याच दिवशी निरोप धाड गो. एक ओळ पुरे. माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते मोठ्या मनाने पोटात घाला. हसलो, त्याची मात्र माफी मागणार नाही.

आणि आजपासून नियम बदललाय. नारळ गुपचूप जाणार नाही, नाव घेऊन द्यायचा.

हौसाबाई, पुढे या. ओळ तुमची. हा घ्या नारळ.