गंगीनं निवडलेला दरवाजा

(प्राणिसंग्रहालय. अस्वलाच्या पिंजऱ्याची मागची बाजू. सिमेंटचा मिक्सर फिरतो आहे.)

चिन्मयी : तीसपैकी सव्वीस दिवस, नत्थूजी! दोन्ही दरवाजे आपण एकदमच उघडत होतो. एकीकडे माती नि वारूळ, दुसरीकडे सिमेंटची फरशी नि कूलर. गंगी सव्वीस वेळा फरशीकडे गेली. तिलाच विचारून नवा पिंजरा बांधतोय आपण, आणि आता तुम्ही म्हणता काम थांबवा?

नत्थूजी : तिनं फरशी नाही मांगतली, मॅडम. चूक माही हाय.

चिन्मयी : तुमची? ती कशी?

नत्थूजी : तुमी म्हणल्या, दरवाजा उघडला का बाजूले व्हा. झालो. पण नागपूरचं मे महिन्याचं ऊन, बसू कुठं? कूलरपाशी बसत होतो, जाळीच्या इकून. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत.

चिन्मयी : रोज?

नत्थूजी : चार दिवस सोडून. साळीच्या पोरीचं लग्न होतं, खाप्याले गेल्तो.

चिन्मयी : थांबा, वही बघू द्या... एकोणीस ते बावीस. 'मधेच बसून. निवड नाही.' चारही दिवस हेच. अरे देवा! मला वाटलं, तब्येत बरी नसेल तिची.

नत्थूजी : ते फरशीपाशी नाही, माह्यापाशी येत होती.

चिन्मयी : आणि मी कॅमेऱ्यात फक्त तिलाच बघत बसले. तुम्ही कुठे असता, एकदा विचारलं नाही. तुमच्यावर काय ओरडू! परत घेऊ टेस्ट. साहेबांना फोन लावते.

नत्थूजी : लावा. पण तिकडची माती काल ट्रॅक्टरनं उचलून नेली. कायची टेस्ट घेता?

चिन्मयी : हॅलो, सर... हो सर, पण... सर, ऐका ना... ठेवला. म्हणाले, अस्वलाची पसंती तुम्हीच सही करून दिली, आता काय तिचं मत बदललं?

नत्थूजी : म्हातारी झाली वं ते. गुडघे गेले तिचे. सिमेटावर बसली का उठताना कण्हते.

चिन्मयी : मला रडूच येतंय, नत्थूजी. निदान तुमचा लळा तरी आहे तिला. तुम्ही बसाल ना रोज तिथे?

नत्थूजी : बसतो ना. मलेही लळाच वाटे. बारा वर्सं झाली, माह्या हातानं खाऊ घालून राहिलो. घरी सांगत होतो, पोरीपेक्षा जास्त जीव लावते म्हणून.

चिन्मयी : मग?

नत्थूजी : आज सकाळी हा मिक्सरवाला कूलरपाशी बिडी ओढत बसला. गंगी त्याच्याकडंही गेली. मदाऱ्यापासून सोडवून आणलेलं जनावर, मॅडम. माणूस दिसला का त्याच्यापुढं जायचं, एवढंच शिकवलं तिले लहानपणी.

चिन्मयी : त्यानं बोलावलं असेल.

नत्थूजी : नाही वं माय. तो तं घाबरून मांगं सरकला. अन् हे... तशा गुडघ्यांनी दोन पायावर उभी झाली त्याच्यासमोर.