पातं कन्हतंय, मला ऐकू येतं

आमी जामखेडाकडचे. माझा जन्मच उसाच्या फडावरचा, कोपीत, पाचटाच्या झोपडीत. आई-बाप ऊसतोडीला, दसरा झाला की बिऱ्हाड गाडीत टाकायचं अन् कारखान्याकडं जायाचं, मंग काय सांगू तुम्हाला, चौथीच्या पुढची शाळा मला ठाऊक न्हाई पन कोयत्याचा आवाज ठाऊक हाय. आण्णा, म्हंजे माझा बाप, म्हनायचे, सुमे, ऐक, पातं बोथटलं की ऊस कन्हतो. खरंच कन्हायचा. मी लांबून वरडायची, आण्णा, धार लावा.

लगीन ठरलं तवाच मी आमच्या ह्यांना सांगितलं, काय बी करीन पन कोयता धरनार न्हाई. मंग आमी इकडं नगरच्या बाजूला आलो, सुप्याला, अन् मला झाकनाच्या कंपनीत काम लागलं. पान्याच्या बाटलीचं झाकन हो. तुमी उघडता तवा खाली बाटलीला रिंग ऱ्हाती ना, ती झाकनाला बारीक बारीक टाक्यांनी धरल्याली असती, पिळलं की टाके तुटत्यात. ते टाके कुनी शिवत न्हाई, झाकन पात्यावरून फिरतं, पातं कापतं अन् मधी मधी जरा जरा सोडतं, ते सोडल्यालं म्हंजे टाका. पातं बोथटलं की कापतं अर्धवट, टाके जाड ऱ्हात्यात, मंग झाकन उघडता उघडत न्हाई, न्हाईतर रिंगेसकट वर येतं, मंग कुनी बी नळाचं पानी भरावं अन् परत लावावं.

पातं बोथटाया लागलं की मला आधीच ऐकू यायचं. मी म्हनायची, साहेब, पातं बदला. साहेब म्हनायचे, परवाच बदललं की, अन् तपासलं की माझंच खरं. लई कौतुक झालं. मी बी फुगले. तिथंच फसले बघा.

तपासायचं म्हंजे हातानं, पिळून. अकरा वर्सं झाकनं पिळली मी, अंगठा गेला, मनगट गेलं, डॉक्टर म्हनले, पिळायचं बंद करा, आता काय सांगायचं त्यांना. मागल्या साली लेझर आलं. उजेडानं कापतं, झाकनाला शिवत बी न्हाई, पातंच न्हाई तर बोथटनार काय? काचेची खोली, बसायला खुर्ची, पडद्यावर बघायचं. माझ्यामागून आल्याल्या पोरी तिथं गेल्या. मी म्हनलं, साहेब, मला बी तिकडं घाला. साहेब म्हनले, सुमनताई, जुनी मशीन अजून चालवायची हाय, तिचं तुमच्याशिवाय कोन ऐकनार?

मंग माझ्या मनात पाप आलं, झाकायचं कशाला. म्हनलं, बिघडू दे माल, एकदा बिघडला की जाईल ही मशीन भंगारात अन् सुटंल माझा जीव. दुपारची पाळी हुती. आवाज बदलला. ऐकला मी. हात मांडीखाली दाबून बसले, झाकनं चालली पेटीत, चालली. अन् डोळ्याम्होरं आई आली, मागं दवाखान्यात हुती ना, खाटंवर एकलीच बसून बाटली पिळत हुती, दोन्ही हातांनी, अन् उघडंना. मला कळलंच न्हाई, उठले अन् मशीन थांबवायचं लाल बटन दाबलं. साहेब पळत आले, एक झाकन पिळून बघितलं अन् हसले. म्हनले, बघा, म्हनून तर तुम्हाला हलवत न्हाई. राग कुनाचा करू, सांगा की? बाथरूममधी जाऊन लई रडले मी.

आमचे हे म्हनत्यात, सोड काम. सोडून जाऊ कुठं, परत फडात? तिथं बी पातंच. जाऊ द्या, चाललंय. बोलून बोलून मीच दमवलं तुम्हाला, ही बाटली घ्या, आमच्याच झाकनाची हाय. थांबा, मी देते... न्हाई, तुमीच उघडा बाई, माझ्या हातानं आता उघडत न्हाई. हां, आला ना आवाज? समदे टाके तुटले, चांगलं हुतं पातं. प्या बिनघोर, देव तुमचं भलं करो.