घड्याळाचा हात

आजी : चार पानं? मरायला मी चार पानं घेतली?

फिल्मवाला : मरणाचं दीडच पान आहे, बाई. बाकीचं सगळं आजारपणाचं.

नात : आजी, पडद्यावर पाटी येते, "नाथ, आता पुढल्या जन्मी भेटू." आणि तुझे ओठ म्हणतात, "मेल्या, आजपण कांदा खाऊन आलास ना, तोंड तिकडे कर."

आजी : मग खाऊन आलाच होता तो. माझ्या मरणाच्या दिवशी तरी टाळायचा की नाही माणसाने? पण साठ वर्षांपूर्वीचं माझं तोंड आज वाचलं कुणी?

फिल्मवाला : मूकबधिर मुलांच्या शाळेतल्या बाईंनी. त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही, ओठांवरून सगळं कळतं. उद्याच्या खेळाला शाळेची मुलं यायची आहेत, म्हणून आमच्या संग्रहालयात त्यांना आधी एकदा चित्रपट दाखवला. गंभीर आहे, मुलांना झेपेल का, असं मी विचारत होतो. आणि त्या हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. मग त्यांनीच हे लिहून दिलं.

आजी : आमच्या वेळी कोण ऐकणार होतं? एकीकडे मालक ओरडतायत, दुसरीकडे सुतार पुढचा सेट ठोकतोय. तोंड हललं म्हणजे काम झालं. एका प्रेमाच्या प्रसंगात मी सबंध सतराचा पाढा म्हटलाय. समोरच्या हीरोचे डोळे भरून आले.

नात : आणि नाटकात गेलीस तरी खोड जाईना. मिशीचं सांग ना यांना.

आजी : काय सांगायचं त्यात? बोलपट आले. स्टुडिओने माझा आवाज ऐकला, मला चहा पाजला आणि घरी पाठवलं. मग नाटकात गेले. पहिलाच प्रयोग. राजा माझ्यापुढे गुडघे टेकून प्रेमाची भीक मागतोय, आणि बघते तर त्याच्या मिशीचं एक टोक लोंबतंय. मी सवयीने म्हटलं, "मिशी निघतेय रे, डावीकडची." आठशे माणसांनी ऐकलं.

फिल्मवाला : अरे देवा. मग?

आजी : मग राजाने उजवीकडची दाबली. तेवढ्यात डावी पडली माझ्या ओच्यात. दुसऱ्या दिवशी लोक तिकिटाच्या खिडकीवर विचारायला आले, मिशीवाल्या बाईंचं नाटक परत कधी आहे. त्यानंतर बत्तीस वर्षं मला कुणी विनोदीशिवाय काम दिलं नाही. रडायचं माझं राहूनच गेलं.

फिल्मवाला : म्हणून तर या चित्रपटाला मोल आहे, बाई. तुमचं शिल्लक राहिलेलं हे एकच गंभीर काम. त्या काळी दोन दिवसांत उतरला आणि डबे कुठे गेले ते कळलंच नाही. बंद थिएटरच्या माळ्यावरून आम्ही ते खाली काढले.

आजी : मी तर पाहिलाच नाही तो. ठीक आहे, दाखवा. पोरं हसतील तर हसू देत.

नात : आजी, तू चौथं पान वाचलेलं नाहीस.

आजी : चष्मा सापडत नाही.

नात : कपाळावर आहे.

आजी : तुझे डोळे कशाला आहेत? वाच तूच.

नात : वाचते हं. "आई तिकडे बघतेय तोवर विचारून घेते. लग्न कराल का माझ्याशी? हँडल फिरवत राहा, मान हलवू नका."

आजी : त्या मास्तरीणबाईंना जरा डोळे तपासून घ्यायला सांगा.

फिल्मवाला : हे तुम्ही हीरोला म्हणालात, असं आम्ही धरून चाललो होतो.

नात : हीरो कसला. हीरो हिच्या पायांत डोकं खुपसून रडतोय. ही सरळ कॅमेऱ्यात बघून बोलतेय. कॅमेऱ्यामागे कोण होतं, आजी?

आजी : स्टुडिओत पुष्कळ माणसं असायची.

नात : हँडल फिरवणारं एकच.

फिल्मवाला : थांबा. म्हणजे घड्याळ? स्टुडिओत त्यांना घड्याळच म्हणायचे. सेकंदाला दोन फेरे, कमी नाही की जास्त नाही.

नात : तेच. माझे आजोबा. आणि ही आम्हाला जन्मभर काय सांगत आली माहीत आहे? आजोबा हातात टोपी घेऊन आले, त्यांची बोबडी वळली, लग्नाचं विचारलं, आणि हिने दोन दिवस त्यांना ताटकळत ठेवलं. ते बिचारे म्हणायचे, "अरे, तिने विचारलं." आम्ही सगळे फिदीफिदी हसायचो. त्यांच्या पंचाहत्तरीला आत्याने पुठ्ठ्याचा मुकुट केला, वर लिहिलं, खोटारड्यांचा राजा.

आजी : शोभला होता पण त्यांना.

नात : आजी.

आजी : बरं. विचारलं मी. झालं समाधान?

नात : मरता मरता?

आजी : मग कधी विचारणार होते? माझी आई सेटवर खुर्ची टाकून पहारा करायची. कुणी मला पाणी दिलं तरी तिची मान वळायची. एकच जागा होती जिथे मी काहीही बोलले तरी आईला वाटायचं, लेक काम करतेय. नुसते ओठ हलवले, आवाज काढलाच नाही. ते कॅमेऱ्यातून बघत होते, त्यांना कळणार हे मला ठाऊक होतं.

नात : मग उलटं का सांगितलंस?

आजी : कारण उत्तर आलं नाही. शॉट संपला. त्यांनी भिंगावर झाकण ठेवलं आणि म्हणाले, "उजेड गेला." बस. तिसऱ्या दिवशी त्यांची आई आमच्याकडे बोलणी करायला आली, लग्न झालं, बावन्न वर्षं संसार झाला. पण "हो" असं त्या माणसाच्या तोंडून एकदाही आलं नाही. आवडले म्हणून हो म्हणाले, की बाईमाणसाने विचारलं, तिचा अपमान नको म्हणून, ते मला कधीच कळलं नाही. असं कुणाला सांगायचं का? म्हणून टोपी त्यांच्या हातात दिली.

नात : विचारायचंस ना त्यांना.

आजी : विचारलं की. म्हणायचे, "मी शांतपणे विचार केला आणि ठरवलं." शांतपणे. दुकानात छत्री पसंत करावी तसं. अहो फिल्मवाले, हे चित्र उद्या दाखवायचं नाही. माझ्या पोरांसमोर, सुनांसमोर, मला शोभायचं नाही ते.

फिल्मवाला : बाई, सगळ्या जागा गेल्यात. आणि ओठ वाचणारी मुलं तेवढीच, बाकी कुणाला काही कळणार नाही. शिवाय त्याच तुकड्यात एक दोष आहे, तो मी आज संध्याकाळी काढून टाकणार आहे. सगळं सफाईदार दिसेल.

आजी : कसला दोष?

फिल्मवाला : सांगायला अवघड वाटतं. घड्याळांच्या हातचा आहे. बघताच का? यंत्र आणलंय मी.

(टेबलावरचं प्रोजेक्टरचं यंत्र घरघरायला लागतं. समोरच्या भिंतीवर एक तरुण मुलगी मरणाला टेकलेली.)

नात : अगंबाई, किती गोड दिसतेस.

आजी : बूट चावत होता.

फिल्मवाला : आता ओठांकडे बघा. "लग्न कराल का"... आणि हे इथे.

नात : आजी, तू एकदम भराभरा हलायलाच लागलीस. हीरोपण. कोंबड्यांसारखे काय करताय?

फिल्मवाला : हाताने फिरवायचा कॅमेरा होता. हात मंदावला की फिल्मवर चौकटी कमी उमटतात, आणि दाखवताना माणसं धावतात. उजेडही जास्त लागतो, म्हणून बाईंचा चेहरा असा पांढराफटक उजळलाय. इथे तर हँडल जवळजवळ थांबलंच होतं. मग आलं भान, पुन्हा सेकंदाला दोन फेरे. मी या चौकटी दोनदोनदा छापतो, म्हणजे चाल सारखी होईल. त्यांच्या तेरा चित्रपटांत ही एकच चूक आहे.

आजी : मागे घ्या.

फिल्मवाला : हो, दुरुस्त केल्यावर कुणाला...

आजी : मागे घ्या आणि परत लावा.

नात : आजोबा म्हणायचे, भूकंप झाला तरी माझा हात चुकायचा नाही.

आजी : आणि म्हणे शांतपणे विचार केला. लबाड मेला. दुसऱ्या दिवशी मालक विचारत होते, घड्याळाला काल झालं काय. मला वाटलं, उशिरा आले म्हणून बोलतायत.

नात : आजी, रडतेस तू?

आजी : रडतेय. राहून गेलं होतं ना माझं.

फिल्मवाला : मग उद्याचा खेळ रद्द करू का, बाई?

आजी : कशाला रद्द? दाखवा. आणि त्या तुकड्याला हात लावलात तर याद राखा. एक चौकट दोनदा छापायची नाही.

फिल्मवाला : लोक हसतील त्यांच्या कामाला.

आजी : हसू देत. जन्मभर न केलेल्या गोष्टीसाठी हसले, आता केलेल्या गोष्टीसाठी हसू देत. काय गं, तो पुठ्ठ्याचा मुकुट आहे का कुठे?

नात : आत्याकडे असेल. का?

आजी : उद्या घेऊन ये. मी घालून बसणार आहे पहिल्या रांगेत.

फिल्मवाला : निदान त्या जागी एक पाटी टाकू का, की हा दोष मूळ चित्रणातलाच आहे?

आजी : पाटी नको. इतक्या वर्षांनी एकदाचे बोलतायत, त्यांना मध्ये तोडू नका.