काय म्हणून हाक मारू?

— नाही काका, उद्या नाही, आत्ताच! तो लिफाफा टपालाच्या पिशवीत टाकायचा नाही. पाचला माणूस पिशवी न्यायला येतो, माहितीय मला, म्हणूनच दोन जिने धावत आले. वरून तिसरा, क्रेनवाल्याचा. डोक्याला मार लागून तीन महिने घरी बसलाय — हो, तोच, दाट मिशीवाला, तुम्हीच तर त्याला खुर्ची दिली होती. आणि अहवालात काय छापलंय? 'सदर महिला'. मिशीवाली महिला! हसू नका, हसण्यासारखं नाहीये. हे पत्र कंपनीत गेलं की ते म्हणणार, स्मरणशक्ती अधू, वर चढायचं नाही. संपलं. अकरा वर्षं चाळीस मीटर उंचावर बसून लोखंड उचलणारा माणूस गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसणार.

कसं म्हणजे? आम्ही स्मरणशक्तीच्या चाचणीत पंधरा शब्द वाचून दाखवतो — शिट्टी, डोंगर, चमचा, असले — पाच वेळा, आणि दर वेळी समोरच्याने आठवतील तेवढे म्हणायचे. मग बेरीज तक्त्याशी ताडायची. तक्ते दोन. बायकांचा वेगळा, पुरुषांचा वेगळा, कारण सरासरीने बायकांना शब्द जरा जास्त आठवतात. त्याची बेरीज पुरुषांच्या तक्त्यात ठीक, बायकांच्या तक्त्यात कमी. आमच्या मॅडमनी कुठला लावला? बायकांचा, कारण जुन्या ओळखपत्रावर 'स्त्री' आहे! मी म्हटलं, मॅडम, दोन्ही लावा, दोन्ही आकडे लिहा, पुरुषी हार्मोनची औषधं कधीपासून चालू आहेत ते लिहा, कुठला तक्ता का धरला ते लिहा — तर म्हणतात, "तू नवीन आहेस, इथे समाजसुधारणा करायची नाही." समाजसुधारणा! अहो, हिशोब नीट मांडा म्हणतेय मी, मोर्चा नाही काढत! माणूस मेंदू तपासायला आला, आणि यांनी तपासलं काय, तर कार्ड.

हा फॉर्म बघा. ही तिसरी ओळ माझी आहे, आठ महिने भांडून घातलीय — 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' त्याने काय लिहिलंय, वाचा. 'दादा'. इतकं दाबून लिहिलंय की मागच्या पानावर उमटलंय. आणि मॅडमनी ती ओळ वाचलीसुद्धा नाही. वाचायची कशाला, शहाण्याला ओळखपत्र पुरे!

काय? पुरुषांचा तक्ता लावला की सुटला ना? हो. म्हणजे — बेरीज सुटते. नंतरचा आकडा नाही सुटत. अर्ध्या तासाने तेच शब्द पुन्हा विचारतो आम्ही, तेव्हा पाच सांगितले त्याने. दोन्ही तक्त्यांत कमी. शेवटच्या फेरीत बारा सांगितले होते, काका, बारा! मॅडम म्हणतात, बघ, विसरतेच आहे ती. पण तो विसरला नव्हता. उकडत होतं, पंखा बंद, दुरुस्तीवाल्याला तीनदा फोन केलेला — मी पाणी दिलं त्याला. आता आपल्या भाषेत एक सोय आहे बघा, 'तुम्ही बसलात', 'तुम्ही सांगितलंत' — बाई की पुरुष कळतच नाही. दोन तास मी त्या 'तुम्ही'च्या आडोशाने नीट चालले होते. आणि ग्लास पुढे करताना तोंडातून गेलं, "घ्या ताई."

सवयीने हो! दिवसभर ताई-दादा, ताई-दादा — जीभच ती, आणि त्याचा आवाज जरा — नाही. आवाजाचं काही नाही. मीच म्हणाले. त्याने ग्लास घेतला, 'थँक्यू' म्हणाला आणि न पिता खाली ठेवला. मग पाच शब्द. आणखी आठवतात का विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या." आणि मी लिहिलं, पाच. 'चाचणीत काही अडथळा?' हा रकाना असतो, काका. त्यात मी लिहिलं, 'नाही'. मॅडमनी नाही. मी.

तर मला फेरचाचणीचा अर्ज द्या. लिफाफा राहू दे तिथेच, तुमच्या हाताखाली. कारण लिहावं लागतं? लिहीन. आणि हे खाली काय — 'अडथळा कोणामुळे'?

...

पेन चालत नाहीये हे. दुसरं द्या. आणि असं बघू नका माझ्याकडे — तुमची टपालाची खिडकी लावून घ्या, मला लिहू द्या.