त्या संध्याकाळचा स्पीकर

नवरा : नाही. हाही नाही. बंद करा.

दुकानदार : साहेब, एक कडवं तरी होऊ द्या.

नवरा : कडव्याची गरज नाही, पहिल्या ओळीतच कळतं. आवाज खोक्यातून येतोय.

दुकानदार : स्पीकर आहे साहेब. खोक्यातूनच येणार.

नवरा : त्या संध्याकाळी येत नव्हता.

बायको : झालं. आली ती संध्याकाळ.

दुकानदार : कोणती संध्याकाळ?

बायको : विचारलंत ना? आता स्टूल ओढून घ्या.

नवरा : अहो, वाचनालयात कार्यक्रम होता आमचा. छोटाच. मी, माझी गिटार आणि ही. पुस्तकांची कपाटं बाजूला सारून खुर्च्या मांडलेल्या. आमचा स्पीकर दुरुस्तीला गेलेला, तो गेलाच कायमचा; म्हणून हिच्या भावाचा जुना आणला. काळा, वर मूठ, एक कोपरा उडालेला. आणि काय सांगू तुम्हाला! स्पीकर आहे हेच विसरायला व्हावं असा आवाज. घरघर नाही, शिट्टी नाही. माझा श्वाससुद्धा मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. ग्रंथपाल बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

बायको : त्यांना सर्दी होती.

नवरा : सर्दी झालेलं माणूस वन्स मोअर म्हणत नाही.

दुकानदार : मग तोच स्पीकर मागून घ्यायचा ना साहेब!

नवरा : भंगारात दिला! हिच्या भावाने! पारखच नाही माणसाला. आमच्या ओळखीच्या बासरीवाल्याने तर माझ्या शब्दावर अगदी तसाच दिसणारा शोधून काढला.

दुकानदार : मग?

बायको : आता रस्ता ओलांडून पलीकडून जातात ते आम्हाला बघून.

नवरा : त्याची फुंकच तसली, त्याला स्पीकर काय करणार?

दुकानदार : बरं, हा बघा. नवीनच आलाय. समोर दिवे आहेत, गाण्याबरोबर रंग बदलतात. लाल, निळा, हिरवा...

नवरा : मी गाणी म्हणतो हो, चौकातली वाहतूक नाही सांभाळत.

दुकानदार : मग तो कोपऱ्यातला? बॅटरीवर चालतो, खांद्याला अडकवून नेता येतो. त्याला किती वायरी जोडायच्या आहेत तेवढं सांगा.

नवरा : दोन. एक माइक, एक गिटार.

दुकानदार : आणि वहिनी?

नवरा : ती मागे बसून साथ करते. तिचा आवाज माझ्या माइकमध्ये येतो.

बायको : येत नाही.

नवरा : थोडाफार येत असेल की.

बायको : इतकी वर्षं नाही आला, आता काय येतोय! पण राहू दे ते. अहो, हा कोपऱ्यातला चांगला आहे. हलका आहे. घेऊ या आणि घरी जाऊ.

नवरा : हलका आहे म्हणून घ्यायला ती काय पिशवी आहे? लावा हो जरा तो. ...हं. हं. नाही. बोदा वाटतोय.

बायको : दोन महिने झाले, आपण हेच करतोय. हे पाचवं दुकान. एक बोदा, एक तीक्ष्ण, एकाला पोट नाही, एकाला नुसतंच पोट. शनिवारी वाचनालयवाल्यांनी परत बोलावलंय. तेही अंगणात. शेजारून गाड्या जातात. स्पीकरशिवाय चालणार नाही तिथे.

नवरा : म्हणूनच म्हणतो. तो आवाज मिळाला तरच जायचं. नाहीतर आज संध्याकाळी फोन करून नाही म्हणून कळवतो. आणि गिटार माळ्यावर टाकतो, संपला विषय. एकदा तसं गायल्यावर माणसाने परत असल्या डबड्यातून गाऊ नये.

बायको : मला जायचंय शनिवारी.

नवरा : तुला काय, तू कुठेही गाशील.

बायको : कुठेही कशी गाईन? तुमच्या मागेच गाते ना मी.

दुकानदार : साहेब, एक सुचवू? वहिनींच्या भावाला फोन लावा. स्पीकरचं नाव कळलं तर मी कुठूनही मागवून देतो.

नवरा : वा! हे मला आजवर कसं सुचलं नाही?

बायको : तो कामात असेल. शिडीवर असेल, पंखे बसवत. पडेल बिचारा.

नवरा : पडत नाही तो. लाव. आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेव.

बायको : अहो, कशाला...

नवरा : दे इकडे, मीच लावतो. हां, हॅलो! मेहुणे, बोला!

मेहुणा : बोला दाजी! पटकन बोला, हातात पंखा आहे.

नवरा : तुमचा तो जुना स्पीकर. काळा. वाचनालयात आम्ही नेलेला. कुठल्या कंपनीचा हो?

मेहुणा : आठवत नाही बुवा. का?

नवरा : तसाच हवाय मला. तसा आवाज आयुष्यात ऐकला नाही.

मेहुणा : कुठला आवाज?

नवरा : म्हणजे काय? त्या स्पीकरचा!

मेहुणा : चेष्टा करताय का दाजी? तो मेलेला होता की. बॅटरी फुगलेली, चार्जरही जळालेला. तुम्ही न्यायला आलात तेव्हा मी घरी नव्हतो, आईने दिला तुम्हाला. मी संध्याकाळी ताईला फोन केला, चालू होणार नाही म्हणून. ताई म्हणाली, कळलं ते, आता बोलू नकोस, हे गातायत. ...दाजी? हॅलो? ठेवू का? पंखा जड आहे हो.

(दुकानदार फोन बंद करतो. कोपऱ्यातला स्पीकर बारीक घरघरत राहतो.)

नवरा : तू तर म्हणालीस, लागला म्हणून.

बायको : खुर्च्या भरल्या होत्या. वायरी नेहमी मीच जोडते. बटण दाबलं, दिवा लागेना. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही गिटार पेटीत ठेवून घरी आला असता. मागे एकदा नुसती घरघर होती तर आलातच ना? म्हणून वर शाल टाकली आणि म्हटलं, लागला.

नवरा : मी तुला दोनदा खूण केली होती! गिटार थोडी कमी कर म्हणून!

बायको : केली ना मी. बटण फिरवलं की.

नवरा : आणि फरक पडला होता! मला स्वतःला ऐकू आला होता फरक!

बायको : हो. तुम्ही लगेच मान डोलावलीत.

दुकानदार : साहेब, पाणी आणू का?

नवरा : नको. ...वन्स मोअर आला होता ना गं? तो तरी खरा ना?

बायको : खरा म्हणजे? तुमचा श्वास खरंच मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. ग्रंथपाल बाईंना सर्दी नव्हती. तुम्ही दोन महिने त्या खोक्याचं कौतुक करत होतात, मला राग येत होता, म्हणून म्हटलं तसं.

नवरा : मग सांगायचं नाही का, की ते खोकं नव्हतं?

बायको : कितीदा तोंडापर्यंत आलं होतं. पण घरी येताना तुम्ही त्या खोक्याला मांडीवर घेऊन बसला होतात. इतके खूश, की मला बोलवेना.

नवरा : आणि बासरीवाल्याला काय सांगू आता?

बायको : काही सांगू नका. पलीकडूनच जाऊ द्या त्यांना.

दुकानदार : मग वहिनी, काही घ्यायचंय की... नाही, म्हणजे शनिवारी गाड्या आहेत, म्हणून विचारलं.

नवरा : थांबा हो. ए, एक सांग. कार्यक्रम संपल्यावर ती पोरगी तुझ्याजवळ आली होती, निळ्या ड्रेसमधली. बराच वेळ बोलत होती. काय म्हणत होती?

बायको : काही नाही.

नवरा : सांग ना.

बायको : शेवटच्या गाण्यात वरचा सूर कोणाचा होता, विचारत होती. म्हटलं, माझा. पहिल्यांदाच विचारलं कोणीतरी.

नवरा : मला वाटलं, पत्ता विचारतेय.

बायको : हो, आपल्या घरी कधीपासून राहायला येऊ म्हणून! काहीतरीच तुमचं.

नवरा : अहो दुकानदार, तो कोपऱ्यातला काढा. बोदा.

दुकानदार : बोदा चालेल?

नवरा : गाड्यांपुढे चालेल. आणि त्याला तीन जोडता येतात का?

दुकानदार : येतात की. गिटार आणि दोन माइक. माइकचा स्टँडही देतो दुसरा. बसून गायचा देऊ की उभं राहून?

बायको : बसून. मी मागे बसते.

नवरा : उभं राहून गायचा द्या.