शाळिग्रामातला समुद्र

ठक्!

सन्माननीय अध्यक्ष प्रधानाध्यापक महोदय, मंचावरील मान्यवर आणि मार्फा गावच्या माता-बंधूंनो, क्षमा करा. नमस्काराआधी हा आवाजच तोंडी आला. एकतीस वर्षं तो माझ्या कानांत राहतो आहे. दुपारचा वारा सुटण्यापूर्वी त्याची गोष्ट संपवीन.

आज निवृत्त होणारे आपले भूगोलाचे तुलाचन सर दरवर्षी सातवीच्या वर्गात सफरचंद कापत. साल म्हणजे आपल्या पायांखालचं कवच, गर म्हणजे तापलेला, संथ सरकणारा थर, आणि मधोमध लोखंडाचा गाभा. मग ते सफरचंद खाऊन टाकत. पोरं म्हणत, ‘सर, पृथ्वी संपली.’ शेजारच्या वर्गात कविता शिकवणारा हा शेरचन, म्हणजे मी, भिंतीआडून हसे.

दक्षिणेची भूमी नखं वाढतात त्या चालीनं उत्तरेत घुसते आहे, मधला समुद्र मिटला, त्याचा तळ उचलला जाऊन आपले डोंगर झाले, असं सर सांगत. पण वर्गाला पटावं कसं? म्हणून एकदा म्हणाले, नदीतला शाळिग्राम आणा, फोडून दाखवतो. धनमायानं आणला. ठक्! दोन शकलं, आणि आत एका समुद्री जिवाचा सुरेख वळसा. वर्ग थक्क झाला आणि धनमाया रडू लागली. दगड नदीतला नव्हता. आजीच्या देवघरातला होता.

तिची शाळा कायमची सुटली. सर कित्येक शनिवार तिच्या दाराशी गेले. आजी आतूनच विचारी, ‘मास्तर, आता काय फोडायचं राहिलंय?’ सरांनी पुन्हा हातोडी उचलली नाही.

आता माझं ऐका. नदी चढली होती, दगड मिळेना, म्हणून धनमाया आधी माझ्याकडे आली होती. मी कवितेच्या तंद्रीत म्हणालो, ‘घरातला ने, पोरी. देवाला काय कळतंय!’ आणि एकतीस वर्षं दोष सरांच्या माथी राहू दिला. सर, तो माझा होता. आज सर्वांसमक्ष तो परत घेतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर...

दाराशी कोण ते? धनमाया? तू, पोखऱ्याहून? आणि हातात तो काळा दगड? मोठ्यानं बोल, सभेला ऐकू दे.

‘हा नदीतलाच आहे, तुलाचन सर. त्या दिवशी मी डोळे मिटून घेतले होते. आतलं बघायचं राहिलं.’

अध्यक्ष महोदय, निरोप थोडा थांबू द्या. कुणीतरी हातोडी आणा.